काश्मीर, कोकण आणि ठकूची मांडी

एका संस्थानाच्या राणीसरकारांना आरामाचा भारी शौक. उन्हाळाभर त्या काश्मीरला सरोवरातल्या नावेत राहिल्या आणि थंडीत कोकणात गरम पाण्याच्या कुंडावर. अंग रगडायला ठकू दोन्हीकडे सोबत. तिचं तान्हं मात्र गावी, जावेजवळ. ठकूनं घरी जाऊ का विचारलं, की राणीसरकार म्हणायच्या, "तुझ्यावाचून माझं अंग मोकळं होत नाही गं. पुढं बघू."

परत आल्यावर राजवाड्यात मानाच्या बायका जमल्या. ठकूकडून पाय चोळून घेत राणीसरकार म्हणाल्या, "दोन्हीकडच्या आरामात सारखी अशी एक तरी गोष्ट सांगा. जी सांगेल तिला मागेल ते देईन."

"पाणी," एक म्हणाली.

"काश्मीरचं बर्फासारखं, कोकणातलं चटके देणारं."

"मग तेल?"

"तिकडं बदामाचं, इकडं खोबरेल. हरलात ना सगळ्या?"

ठकूचे हात थांबले. "सरकार, दोन्हीकडं तुमचे पाय माझ्या मांडीवर होते. आणि दोन्हीकडं माझं लेकरू त्या मांडीवर नव्हतं."

राणीसरकारांनी हळूच पाय ओढून घेतले.

"काय हवं तुला?"

"घरी जाऊ द्या."

ठकू धावतपळत गावी पोचली. लेकरू आता चालायला लागलं होतं. तिनं हात पसरले, तसं ते जावेच्या पदराआड लपलं.

"अरे, आई आहे ती तुझी," जाऊ त्याला पुढं ढकलू लागली.

"राहू द्या जाऊबाई, ओढू नका त्याला," ठकू म्हणाली, आणि अंगणातच मांडी घालून वाट बघत बसली.