आडखिंडीची अळणी अवस

फार वर्षांपूर्वी, घाटात बैलगाडीच्या चाकोरीशिवाय दुसरा रस्ताच नव्हता तेव्हा, आडखिंड नावाच्या गावात सुंद्राक्का नावाची एक बाई खानावळ चालवायची. गाव घाटमाथ्यावर. खाली कोकण, वर देश. कोकणातून मिठाच्या, नारळाच्या, सुक्या मासळीच्या गाड्या वर यायच्या आणि गूळ, मिरची, जोंधळा भरून खाली जायच्या. चढ संपता संपता बैलांच्या तोंडाला फेस आलेला असायचा आणि गाडीवानांच्या घशाला कोरड पडलेली असायची. ते आडखिंडीत गाड्या सोडायचे, बैलांना पाणी दाखवायचे आणि सुंद्राक्काच्या पडवीत येऊन भिंतीला पाठ टेकायचे.

ती खानावळ कशी सुरू झाली ते आधी ऐका. ती काही कुणी हौसेनं काढली नव्हती.

सुंद्राक्काचा नवरा ओमाणा हाही गाडीवानच. एके दिवशी ती चुलीवर हुलग्याची आमटी ढवळत होती. मीठ बरोबर पडलंय का बघावं म्हणून तिनं पळीतले दोन थेंब तळहातावर घेतले, जिभेला लावले आणि तेवढ्यात दारात माणसं आली. ओमाणाची गाडी घाटातल्या वळणावरून दरीत गेली होती, बैलांसकट. असं म्हणतात, की त्या दोन थेंबांबरोबर तिच्या जिभेवरची चव गेली ती गेलीच. गूळ आणि माती तिला एकसारखीच लागायला लागली.

ज्या गाडीवानांनी ओमाणाला दरीतून वर आणलं, ते सगळं उरकल्यावर तिच्या अंगणात बसून राहिले. हातपाय सोललेले, पोटात सकाळपासून काही नाही. निघून जायचं कुणाला सुचत नव्हतं. सुंद्राक्का उठली आणि चुलीशी गेली.

शेजारची नागूबाई धावत आली. "अगं, आज तुझ्या घरात चूल पेटवायची न्हाई. मी आणते की भाकरी."

"दरी उतरून आलीत ती माणसं," सुंद्राक्का म्हणाली. "तुझ्या एकटीच्या भाकरीनं काय व्हायचंय?"

तिनं सगळ्यांना वाढलं. पण आमटीत काय जास्त झालं, काय कमी पडलं, हे तिचं तिला कळेना. म्हणून ती त्यांच्या समोर बसली आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. एका म्हाताऱ्याच्या कपाळाला बारीकशी आठी पडली. अशा दिवशी बोलणार कोण? तो मुकाट्यानं खात होता. ती उठली, मीठ घेऊन आली आणि न विचारता त्याच्या आमटीत घातलं. म्हाताऱ्यानं घास गिळला आणि तो हुंदके द्यायला लागला. मग बाकीचेही रडले. सुंद्राक्का मात्र वाढत राहिली.

दुसऱ्या खेपेला ते गाडीवान पुन्हा तिच्याच दारात आले. त्यांनी बरोबर आणखी चौघांना आणलं. अशी ती खानावळ झाली.

तिथं थाटमाट काहीच नव्हता. शेणानं सारवलेली पडवी, पळसाच्या पत्रावळी, भाकरी, आमटी, मिरचीचा खर्डा आणि कधी निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. पेठेच्या गावी याहून मोठ्या खानावळी होत्या, पण गाडीवान तिथं उपाशी राहून आडखिंड गाठायचे. कारण इथं पहिला घास तोंडात घालताना कुणीतरी आपल्याकडे बघत असे. सुंद्राक्का समोर बसायची आणि विचारायची, "काय कमी आहे?" बस, एवढंच. ज्याला दाढदुखी असेल त्याची भाकरी दुसऱ्या वेळी दुधात कुस्करून यायची. ज्याला करपलेला पोपडा आवडतो त्याला तो न मागता मिळायचा. ती स्वतः कधी हसताना कुणाला दिसली नाही. जेवायची ती सगळ्यांच्या मागून, एकटीच, भिंतीकडे तोंड करून. औषध गिळावं तसं.

असं म्हणतात, की पुढे पुढे तिला माणसाच्या तोंडावर चवीखेरीज बाकीचंही दिसायला लागलं. एकदा एक गाडीवान पोटभर जेवत होता, हसत होता. सुंद्राक्का एकदम म्हणाली, "पान तसंच ठेव आणि घरी जा. तुझ्या आईला आता वेळ न्हाई." तो गाडी तिथंच सोडून धावत गेला. आईनं त्याच्या हातचं पाणी घेतलं आणि मगच डोळे मिटले. तेव्हापासून काही माणसं तिच्या समोर बसायला भ्यायची. तरी यायची. भुकेपुढे भीती किती टिकणार?

मग एका वैशाखात खाली कोकणात पटकी आली.

तेव्हा पटकीला मरी म्हणत. सकाळी चालता-बोलता असलेला माणूस दुपारी लाकडासारखा व्हायचा. आडखिंडीचा पाटील होता रवळू पाटील. माणूस वाईट नव्हता. त्यानं लहानपणी मरीनं ओस पडलेलं आपलं आजोळ पाहिलं होतं, दारं उघडी आणि आत कुणीच नाही असं. त्यानं गाव बोलावलं आणि खिंडीच्या तोंडाशी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. बाहेरचा माणूस आत येणार नाही, आतला बाहेर जाणार नाही, असं ठरलं. खानावळ बंद झाली.

पण मिठाच्या गाड्या आधीच निघाल्या होत्या. त्या चढ चढून खिंडीत आल्या आणि कुंपणाशी अडल्या. मागे फिरावं तर बैलांत बळ नव्हतं, आणि माणसांपैकी काहींना वाटेतच मरीनं गाठलं होतं. ते खिंडीतून हाका मारायचे. पाटलाचं नाव घेऊन नाही, देवाचं नाव घेऊनही नाही. "सुंद्राक्का, ए सुंद्राक्का" अशा त्या हाका गावात ऐकू यायच्या. लोक दारं लावून घ्यायचे.

सुंद्राक्कानं हंडा डोक्यावर घेतला, तांदळाचं गाठोडं कमरेवर घेतलं आणि ती कुंपणाशी आली. रवळू पाटील आडवा आला.

"आक्का, माघारी फिर. तू गेलीस तर मरी गावात घेऊन येशील."

"परत येतच न्हाई मग. झालं?"

"तुला मरायचंय का?"

"तिथं चूल न्हाई पाटील," ती म्हणाली. "माणसं माझ्या पडवीत जेवलेली आहेत. त्यांना दुसऱ्या कुणाचं दार ठाऊक न्हाई."

पाटलाचे डोळे भरून आले, असं म्हणतात. पण त्यानं काटे बाजूला करून तिला जाऊ दिलं आणि तिच्या पाठीमागे ते पुन्हा लावून घेतले. दोन्ही गोष्टी त्यानंच केल्या, हे लक्षात ठेवा.

खिंडीत तिनं तीन दगड मांडले. पेज शिजवली. गाड्यांत मीठच मीठ होतं, ते पेजेत घातलं. आजारी माणसांना गाडीच्या सावलीला घेतलं आणि एकेकाचं डोकं मांडीवर घेऊन पेज पाजली. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत ती विचारायची, "काय कमी आहे?" कुणी म्हणे नाचणीची भाकरी, कुणी म्हणे चिंचेची आमटी, आणि एकानं आपल्या मुलीचं नाव घेतलं. जे करता आलं ते तिनं केलं. जे करता आलं नाही, त्यासाठी ती नुसती हात धरून बसली. काही जगले. पुष्कळसे गेले. असं म्हणतात, की त्या सगळ्या दिवसांत तिच्या हंड्याचा तळ कुणाला दिसला नाही आणि खिंडीतला धूर एक क्षणही थांबला नाही.

आणि इकडे गावात एक विपरीतच झालं.

ज्या दिवशी ती कुंपणाबाहेर गेली, त्या दिवशी रवळू पाटलानं जेवताना ताट बाजूला सारलं. "मीठ घालायला विसरलीस?" असं बायकोला विचारलं. तिनं मीठ वाढलं. त्यानं पुन्हा घास घेतला, आणखी मीठ मागितलं. मग बायकोनं स्वतः चाखून पाहिलं आणि ती पाटलाकडे बघतच राहिली. घरोघरी तेच. मिरचीनं डोळ्यांत पाणी यायचं, पण जिभेला काही कळायचं नाही. लेकरांनी गूळ थुंकून टाकला. मरी गावात शिरली नाही, एकही माणूस दगावला नाही, पण गावातलं अन्न मेलं, असं म्हणतात. माणसं जगायची म्हणून खात होती आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं टाळत होती.

खिंडीत शेवटी सुंद्राक्कालाच मरीनं धरलं. तेव्हा तिच्याजवळ धाकू नावाचा मिठाचा गाडीवान होता. मरणाच्या दारातून तिनंच त्याला परत आणलं होतं. त्याला स्वैपाकाचं काही येत नव्हतं. त्यानं कशीतरी पेज रांधली आणि करवंटीतून तिच्या ओठांशी नेली.

"आक्का, तोंड उघड गो."

तिनं एक घोट घेतला. धाकू तिच्या तोंडाकडे बघत होता. पेजेला चव असेल, नसेल, तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"काय कमी आसा?" त्यानं विचारलं.

सुंद्राक्कानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "तू जेवलास का?"

"नाय," तो म्हणाला.

"मग आधी जेव. माझ्यासमोर बस."

तो रडत रडत जेवला. ती बघत होती. त्याची करवंटी रिकामी झाली तेव्हा ती गेलेली होती, डोळे उघडेच. तो दिवस वैशाखातल्या अवसेचा होता.

मरी ओसरली. धाकू कुंपणाशी येऊन उभा राहिला आणि त्यानं ही हकिगत ओरडून सांगितली. गाव ऐकत होतं. रवळू पाटील पुढे आला आणि त्यानं स्वतःच्या हातांनी काटे उपसले. हात रक्तानं भरले तरी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. धाकूला त्यानं सुंद्राक्काच्या पडवीत नेऊन बसवलं. नागूबाईनं चूल पेटवली, पाटलानं वाढलं. पण आमटी कशी झालीय हे गावातल्या एकालाही सांगता येत नव्हतं. पाटील धाकूच्या समोर मांडी घालून बसला.

"भावा, काय कमी आहे?"

धाकूनं त्याच्याकडे पाहिलं. राग होता, का थकवा होता, कुणाला कळलं नाही. तो म्हणाला, "ती नाय आसा. बाकी सगळा आसा."

पाटलानं मान खाली घातली. धाकू मात्र पानावरून उठला नाही. भुकेला होता, जेवला. त्याचं जेवण झाल्यावर लोक आपापल्या घरी गेले आणि पानावर बसले. कुणी म्हणतं चव त्याच दिवशी परत आली. कुणी म्हणतं हळूहळू आली, पावसाळा सरेपर्यंत. रवळू पाटलाला ती मरेपर्यंत आली नाही, असंही म्हणतात. त्यानं ते कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नाही.

आता खालून मोठा डांबरी रस्ता गेला आहे. त्याच्या कडेला दिव्यांच्या माळांची हॉटेलं आहेत. तिथं जेवण झटपट मिळतं आणि कोण आलं, कोण गेलं, कुणाला पत्ता नसतो. तरीही ट्रकवाले वाट वाकडी करून आडखिंडीत चढतात. गावात अजून घरगुती खानावळी आहेत. पत्र्याचं छप्पर, लाकडी बाकं, भिंतीवर देवाची तसबीर. वाढणारा माणूस, मग तो पुरुष असो की बाई, पहिला घास होईपर्यंत तुमच्या समोर बसतो. नवख्या माणसाला अवघडल्यासारखं होतं. पुढच्या खेपेला तोच माणूस दुसऱ्या दोघांना घेऊन येतो.

आणि वैशाखातल्या अवसेला आडखिंडीत सगळ्या खानावळी बंद असतात. खिंडीत तीन दगडांची एकच चूल पेटते. वाटेनं जो कुणी परका येईल त्याला थांबवतात, पाय धुवायला पाणी देतात आणि मीठमसाला घालून केलेलं जेवण वाढतात. पाटलांच्या घरातलं माणूस त्याच्या समोर बसून विचारतं, "काय कमी आहे?" तो जे सांगेल ते आणून देतात. काही वर्षी दुपार टळली तरी कुणी येत नाही. गाव उपाशी रस्त्याकडे बघत बसतं. म्हातारी माणसं झाडाखाली कलंडतात. पण आधी गावानं जेवायचं, असं कधी झालेलं नाही.

परका जेवून निघून गेला, की मग गाव बसतं. त्या दिवशी गावाच्या पानात मीठ नसतं. अळणी भात, अळणी आमटी. कुणी कुणाशी बोलत नाही, आणि पानात काही टाकतही नाही.