दुखतंय का?

खाडीकाठच्या एका गावात एक पाटील राहत होता. माणूस तसा वाईट नव्हता हो, हात सढळ होता. पण तोंड उघडलं की पहिला शब्द ‘मी’! विहीर मी बांधली, चर्चवर कौलं मी घातली. पाऊस वेळेवर पडला, तरी म्हणे, "मी प्रार्थना केली होती ना!" ऐकणारे कंटाळत, याचं आपलं चालूच.

त्या गावात एक जुनी रीत होती. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, प्रभू येशूने शिष्यांचे धुतले तसे, एकाने बारा जणांचे पाय धुवायचे. गुडघे टेकायचे, पाय हातात घ्यायचा आणि विचारायचं, "दुखतंय का?" गाव कष्टकऱ्यांचं. कुणाच्या टाचेत काटा, कुणाला भेगा, पण आपलं दुखणं आपल्या तोंडाने सांगायची सगळ्यांना लाज. कुणी विचारलं की मात्र लोक बोलत. मग त्या पायाचं औषधपाणी धुणाऱ्याने बघायचं, असं ठरलेलंच होतं.

एका वर्षी पाटील म्हणाला, "फादर, कौलं मी घातली. यंदा पाय धुवायचा मान माझा."

"पाटील, हा मान नाही, काम आहे," फादर म्हणाले. "वाकावं लागतं."

"वाकेन की! त्यात काय मोठंसं?"

गुरुवारी सगळा गाव जमला. पाटील नवा कोट घालून, चांदीचा तांब्या घेऊन आला. गुडघे टेकले तर कपडे मळतील, म्हणून त्याने उभ्यानेच पायांवर पाणी ओतलं. नजर सारखी लोकांकडे, कोण बघतंय, कोण नाही! ‘दुखतंय का’ विचारणं त्याला अगदीच पोरकट वाटलं, म्हणून तेही त्याने सोडून दिलं.

बाकाच्या टोकाला बस्त्याव नावाडी बसला होता. कालवाच्या धारदार शिंपल्याने त्याची टाच कापली होती आणि पाय टरारून सुजला होता. पाणी लागताच तो कळवळला. "पाटील, जरा या पायाला..."

"नीट धर रे पाय! माझ्या कोटावर पाणी उडतंय."

बस्त्याव शरमला. त्याने पाय मुकाट्याने बाकाखाली ओढून घेतला.

शनिवारी पाटलाचा एकुलता एक मुलगा सणासाठी पलीकडच्या तीरावर येणार होता. त्याला घेऊन ये, असा पाटलाचा निरोप आला. बस्त्याव तापाने फणफणला होता.

"जाऊ नका," त्याची बायको आगाथा म्हणाली. "पाटलांना पाय दाखवा."

"समोर धरला होता की! त्यांना दिसला नाही," असं म्हणून तो होडीकडे गेला.

परतताना ओहोटी लागली. खाडी अरुंद होते तिथे पाय रोवून बांबू रेटावा लागतो. बस्त्यावने पाय रोवला आणि तो दुमडला. होडी आडवी झाली आणि उलटली. ओढ एवढी जबर, की दोघांनाही तिने खाली नेलं.

लोकांनी दोघांना काठावर शेजारी शेजारी ठेवलं. पाटील धावत आला, मुलाच्या अंगावर पडून रडला. रडता रडता त्याची नजर शेजारच्या पायाकडे गेली. तो गुडघ्यापर्यंत काळानिळा झाला होता.

"अरे देवा, हा पाय! याला कुणी विचारलं कसं नाही?"

सगळे पाटलाकडे बघत राहिले. त्याला कळलं. "मी..." एवढंच तो म्हणाला.

वर्ष गेलं. पुन्हा तो गुरुवार आला. यंदा पाय धुवायला फादरांनी आगाथाला सांगितलं. बाकाच्या टोकाला, बस्त्यावच्या जागी, पिकलेल्या केसांचा पाटील बसला होता. ही आता याला वगळणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण आगाथाने गुडघे टेकले, त्याचा पाय हातात घेतला.

"दुखतंय का, पाटील?"

पाटील बाकावरून खाली सरकला. तिच्यासमोर त्यानेही गुडघे टेकले आणि तिच्या ओल्या हातांवर कपाळ ठेवलं.

"दुखतंय गं, बाई," तो म्हणाला. "पण आधी तुझं सांग."

तात्पर्य एवढंच, बाळांनो: स्वतःच्याच मोठेपणाकडे बघणाऱ्याला समोरची जखम दिसत नाही. प्रभू गुडघे टेकून बसला, तिथे आपण उभं राहू नये.