लोखंडाच्या गाद्या

“पण कुणाच्या हातनं तुटलं, तेवढं सांगा की, वस्ताद!”

उदाजी चौगुले इतक्या मोठ्यानं ओरडला, की समोरच्या टपरीवरच्या गिऱ्हाइकानं अंगावर चहा सांडला आणि शिव्या बशीला घातल्या.

वस्ताद दगडूभाई शिकलगारांनी मान वर केली नाही. त्यांच्या पुढ्यात गोणपाट पसरलं होतं आणि गोणपाटावर उदाजीनं आणून आपटलेलं लोखंड होतं. झिजलेली क्लचप्लेट, तुटलेला क्रॉस, दात उडालेला पिनियन.

“सांगतो,” वस्ताद म्हणाले. “आधी खाली बस.”

“बसायला न्हाई आलो मी.”

“मग ऱ्हा उभा. ओरडायला उभं बरं पडतं.”

कोल्हापूरच्या उद्यमनगरात उदाजीचं मोठं गॅरेज होतं. पाना धरायला तो याच वस्तादांकडं शिकला. शिकून झाल्यावर त्यांच्या शेडपेक्षा उंच शेड बांधली, ती त्याची गुरुदक्षिणा.

आणि त्याच्याकडं ती गाडी होती. आजोबांच्या काळातली गोल पाठीची मोटार. तिच्या पोटात उदाजीनं एका थोरल्या गाडीचं इंजिन कोंबलं होतं. आज्जीच्या अंगात पैलवान घातल्यासारखा तो प्रकार.

गाडी पळायची मात्र. रंकाळ्यावरनं गेली की पोरं टाळ्या वाजवायची. कात्यायनीच्या चढाला बंद पडली की तीच पोरं ढकलायला यायची. टाळ्या तेव्हाही वाजवायची.

आधी क्लचप्लेट गेली. नवी घातली. मग इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडं नेणारा जो लांब दांडा असतो, त्याच्या सांध्यातला क्रॉस तुटला. नवा घातला, तोही तुटला. आज सकाळी मागच्या चाकांना फिरवणाऱ्या पिनियनचे दात उडाले, आणि गाडी भर चौकात बैलासारखी बसली. टोचन लावून ओढत आणली. आता ती वस्तादांच्या शेडसमोर बॉनेट उघडून उभी होती, आ वासून.

हे सगळं बसवलं होतं निवृत्ती लोहारानं. उदाजीला नीट मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून त्याच्याबरोबर असलेला फिटर.

उदाजीनं सकाळी सगळ्या गॅरेजसमोर निवृत्तीच्या कानफटात मारली होती.

निवृत्तीनं हातातला पाना फडक्यानं पुसला, जागेवर ठेवला आणि तो घरी गेला. उदाजीला त्या पुसण्याचाच जास्त राग आला. शिवी तरी द्यायची! शिवी दिली असती तर मिटलं असतं.

म्हणून तो वस्तादांकडं आला होता. त्याला एकच वाक्य हवं होतं. फिटिंग कच्चं आहे, एवढं वस्ताद बोलले की झालं. मग उद्यमनगरात एकही माणूस निवृत्तीच्या हातात पाना देणार नव्हता. थप्पड बरोबर ठरणार होती.

वस्तादांनी क्रॉस उचलला. फडक्यानं पुसला नाही, आहे तसा नाकाजवळ नेला. मग त्याच्या टोकावरच्या वाटीत अंगठा फिरवला. आतल्या बारीक सुयांचा भुगा झाला होता.

“ग्रीस ताजं हाय,” ते म्हणाले.

“तुटल्यावर लावलं आसंल त्यानं. लबाड हाय.”

“भुग्याच्या आत ग्रीस हाय, उदा. तुटल्यावर आतनं लावाय तो काय मुंगी हाय?”

टपरीवरचं गिऱ्हाईक हसलं. उदाजीनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं उरलेला चहाही सांडला.

वस्तादांनी क्लचप्लेट उलटी केली, सुलटी केली. तिच्यातल्या स्प्रिंगा हलवून बघितल्या, त्या खुळखुळ्यासारख्या वाजल्या. पिनियनचे उरलेले दात बोटानं चाचपले.

“फिटिंग झकास,” ते म्हणाले.

“काय?”

“माज्यापेक्षा बरं बसवलंय.”

उदाजीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “मग माल खोटा!”

“माल बी खरा.”

“फिटिंग खरं, माल खरा, मग तुटतंय का? भुताटकी हाय व्हय? का नारळ फोडू गाडीवर?”

“फोड. खोबरं मला दे.”

“वस्ताद, तुमचं वय झालं! डोळं गेल्यात तुमचं! त्या निवृत्त्यानं आधी येऊन पाय धरलं आसतील...”

वस्तादांनी पिनियन हातात घेतला आणि उभे राहिले.

उदाजी आपोआप दोन पावलं मागं सरला. शिकायला होता तेव्हा वस्ताद हातात असेल ते फेकून मारायचे, आणि त्यांचा नेम वाईट नव्हता.

“मारा! मारा की!” तो मागं सरता सरताच म्हणाला. “तुमी तर मारतच आलाय! मी एक मारली तर काय आभाळ कोसळलं?”

वस्तादांनी हातातल्या लोखंडाकडं बघितलं...

“व्हय,” ते म्हणाले. “मारायचो. त्यातनंच तू असा निघालास.”

पिनियन त्यांनी गोणपाटावर ठेवला. आवाज झाला नाही.

टपरीवरचा स्टोव्ह तेवढा फरफरत होता.

“काय काय बदललंस?” वस्तादांनी विचारलं.

“सगळं! क्लच बदलला, क्रॉस बदलला, बेअरिंगा बदलल्या. आता फिटर बदलणार.”

“आणि तुटलं न्हाई काय?”

“हे काय इचारणं? तुटलं त्ये इचारा!”

“तुटलेलं ढीगभर बघितलं मी. न तुटलेलं दाव.”

उदाजी चिडला होताच, पण आता त्याची छाती पण फुगली. तो तरातरा गाडीकडं गेला आणि बॉनेटखाली हात घालून त्यानं दणका मारला.

“ह्ये! माज्या हातचं हाय ह्ये. केसभर हललं न्हाई.”

वस्ताद वाकले. इंजिन गाडीच्या सांगाड्यावर ज्या रबराच्या, हिसके गिळणाऱ्या गाद्यांवर बसतं, त्या गाद्या तिथं नव्हत्या. त्यांच्या जागी बोटभर जाडीच्या लोखंडी पट्ट्या वेल्ड केल्या होत्या.

“रबर कुठाय?”

“काढून टाकलं. इंजिन थरथरायचं. सिग्नलला उभं ऱ्हायलं की आख्खं बॉनेट हलायचं. एक रिक्षावाला म्हणला, मालक, गाडीला थंडी वाजतीया, घोंगडं घाला!” आठवणीनंच उदाजीच्या दाढा आवळल्या. “त्याच दिशी लोखंड ठोकलं. आता थरथर म्हणून न्हाई. तुमी तुमच्या हयातीत असलं काम केलं न्हाई, वस्ताद.”

“न्हाई केलं,” वस्ताद म्हणाले. “निवृत्ती काय म्हणला हुता?”

“कशाला काय म्हणतोय?”

“ठोकताना.”

उदाजीनं टपरीकडं बघितलं. मग आभाळाकडं. “म्हणला आसंल कायतरी. रबर ऱ्हाऊ द्या म्हणला. मी म्हणलं, मालक कोण, तू का मी?”

वस्ताद शेडमध्ये गेले आणि घण घेऊन आले. तो त्यांनी उदाजीच्या हातात दिला आणि दारातल्या ऐरणीकडं बोट केलं.

“मार.”

“कशाला?”

“मार म्हणतो न्हवं? पण मनगट ताठ. कोपर ताठ. खांदा ताठ. कुठंबी वाकायचं न्हाई. गडी हायस न्हवं तू? सगळा राग काढ.”

राग भरपूर होता. उदाजीनं काठीसारखे हात ताठ करून घण उचलला आणि निवृत्तीच्या, वस्तादांच्या, रिक्षावाल्याच्या नावानं ऐरणीवर आदळला.

ठण्ण!

घण एकीकडं उडाला, उदाजी दुसरीकडं. उजवा खांदा धरून तो जागच्या जागी नाचला आणि त्यानं ऐरणीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

“कुठं लागलं?” वस्तादांनी गरिबासारखा चेहरा करून विचारलं.

“खांद्यात! मेलो की!”

“अरारा! खांदा कच्चा निघाला. चल, बदलून टाकू.”

“काय बदलू?”

“खांदा. जे दुखंल त्ये बदलायचं, आशीच रीत हाय न्हवं तुज्या गॅरेजात? नवा बसला न्हाई नीट, तर बसवणाऱ्याला एक ठिऊन देऊ.”

टपरीवरचं गिऱ्हाईक आता हसलं नाही.

उदाजी तोंड उघडून काहीतरी जहरी बोलणार होता. पण त्याचं लक्ष आपल्या कोपराकडं गेलं. कोपर त्यानं वाकवलं. सरळ केलं. पुन्हा वाकवलं...

त्याची नजर लोखंडी पट्ट्यांवर गेली, तिथून दांड्यावर, तिथून गोणपाटावर. गोणपाटावर रबराच्या वाटणीचे हिसके खाऊन ती बिचारी क्लचप्लेट पडली होती, तो क्रॉस, तो पिनियन.

मग त्याचा राग जो भडकला, तो पहिल्यापेक्षा मोठा. पण या खेपेला शिवी द्यायला समोर कुणी नव्हतं, आणि शिवीवाचून राग म्हणजे फार अवघड जिन्नस.

तो शेडमध्ये घुसला, कटिंग मशीन ओढत आणलं, उताणा पडून गाडीखाली शिरला आणि स्वतःच्याच वेल्डिंगवर चालवायला लागला. ठिणग्यांचा पाऊस पडला. वेल्डिंग पक्कं होतं, निघता निघेना. आतून अखंड शिव्या ऐकू येत होत्या, सगळ्या एकाच माणसाला.

पट्ट्या धपकन खाली पडल्या. उदाजी बाहेर आला तेव्हा भुवया अर्ध्या जळाल्या होत्या आणि तोंड काळं होतं.

“बोला,” तो अजून फणफणतच म्हणाला. “रबर कसलं घालू? मऊ का कडक?”

वस्ताद घण जागेवर ठेवत होते.

“निवृत्तीला इचार.”

“त्याला कशाला? तुमाला म्हाईत हाय! मला बी म्हाईत हाय!”

“निवृत्तीला इचार,” वस्ताद म्हणाले. “आणि त्यो लोखंड घाल म्हणला, तर लोखंड घाल.”