दहाची बैठक

“पण बुवा, मी तिचं वाईट काय केलं?”

उन्मेष तासगावकर मठाच्या ओसरीवर बसले होते. तालुक्यातल्या मोठ्या रुग्णालयाचे व्यवस्थापक, रेवणबुवांचे जुने शिष्य. एरवी रुबाबात येणारा माणूस, पण आज जीव टांगणीला लागला होता. लोंढे सिस्टरनी राजीनामा दिला होता. शस्त्रक्रियेच्या वॉर्डाचा सगळा भार त्या एका बाईवर. ती गेली की वॉर्डाचं कंबरडंच मोडणार.

बुवांनी विचारलं, तुझा दिवस कसा जातो?

उन्मेषना हा प्रश्न आवडला. ते खुलून सांगू लागले. इतर व्यवस्थापक दार लावून बसतात, आपला मात्र निम्मा दिवस बैठकांत जातो. सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, कुणालाही वगळायचं नाही. रोज दहाला सगळ्या सिस्टर आपल्या केबिनमध्ये असतात, चहा-बिस्किटांसकट.

“मग लोंढेबाई काय म्हणाली?”

“रुग्णांकडे बघायला वेळ मिळत नाही म्हणाली.”

“दहाला वॉर्डात काय असतं?”

“ड्रेसिंग. जखमा धुऊन पट्ट्या बदलायच्या असतात.”

“आणि तुझ्या बैठकीत?”

उन्मेषचा आवाज उतरला.

“सध्या एकच विषय आहे. ड्रेसिंगला उशीर का होतो.”

बुवा हसले नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर मला हसू आवरलं नसतं.

“भूक लागली असेल तुला,” बुवा म्हणाले.

सकाळपासून पोटात काही नव्हतं. उन्मेषनी मान डोलावली.

बुवांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून मठाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या आक्कांना हाक मारली, “सुंद्राक्का, जरा बाहेर या. पाहुण्याला जेवायला उशीर का होतो, ते बसून बोलू.”

आक्का पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. तव्यावर भाकरी आहे म्हणाल्या. बुवांनी शेजारची जागा दाखवली. आक्कांनी त्यांच्याकडे एकदा निरखून पाहिलं आणि तोंडाला पदर लावून निमूट बसल्या.

बुवांनी पिठाची चौकशी केली. मग पाण्याची. मग सरपण ओलं आहे का, याची. आक्का शांतपणे उत्तरं देत होत्या. आतून करपल्याचा वास येऊ लागला.

उन्मेषची चुळबुळ सुरू झाली.

“बुवा, भाकरी जळतेय.”

“त्यावरही बोलू. आधी सरपणाचं होऊ दे.”

…

शेवटी उन्मेषना राहवेना. ते धावत आत गेले. भांडं आदळल्याचा आवाज झाला. बाहेर आले ते ताटलीत काळीठिक्कर भाकरी घेऊन, भाजलेलं बोट तोंडात घालून.

त्यांनी भाकरीकडे पाहिलं, मग आक्कांच्या पिठाच्या हातांकडे. त्यांचे कान लाल झाले. मग त्यांना स्वतःचंच हसू फुटलं, आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं आक्कांचंही सुटलं. ओसरीवर छान मोकळं वाटू लागलं.

“बुवा, उद्या दहाला मी काय करू?”

“लोंढेबाईला विचार.”

उन्मेषचा चेहरा उजळला. त्यांनी लगेच खिशातून फोन काढला. पावणेदहालाच तिला केबिनमध्ये बोलावून घेतो, म्हणाले.

बुवांनी हळूच तो फोन त्यांच्या हातातून काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

“बोलावू नकोस. तू वॉर्डात जा…”

“बरं.”

“आणि हात धुऊन जा.”