नारळ फुटेना, नदी सुटेना

एक होती खेकडी. बोराएवढी. डोंगराखालच्या डोहात राहायची. पोटाशी तिची दहा पिल्लं.

एकदा काय झालं? धडाड्‌ धूम! डोंगराचा कडा कोसळला. नदी अडली. डोह आटला. पिल्लं सुकायला लागली.

"घट्ट धरा रे बाळांनो, पाणी आणू!" खेकडी निघाली. तिरकी तिरकी, तुरुतुरु.

"नदीबाई, नदीबाई, ये ना गं! डोह भरेना, माझी पिल्लं तहानली!"

"कशी येऊ? वाटेत दरड बसलीय. मी तुंबले, वरची शेतं बुडाली. दरड हटेल तर येईन."

तिरकी तिरकी, तुरुतुरु. पुढे दरड. माती न्‌ दगडांचा हा थोरला ढीग! नदीवर पसरलेला, रस्त्यावर पसरलेला.

"दरडबाई, दरडबाई, हट ना गं! नदी येईना, डोह भरेना, माझी पिल्लं तहानली!"

"मी काय हौसेनं पडले? साहेबांनी बंगल्यासाठी झाडं तोडली, डोंगराचा पाय कापला. आता जेसीबी खणेल तर हटेन."

तिरकी तिरकी, तुरुतुरु. पुढे जेसीबी. पिवळा धम्मक. एवढं मोठं धूड, आणि उभं ढिम्म!

"जेसीबीदादा, जेसीबीदादा, खण ना रे! दरड हटेना, नदी येईना, डोह भरेना, माझी पिल्लं तहानली!"

"बाळकू चावी फिरवेल तर खणेन."

बाळकू ड्रायव्हर शेंगा खात बसलेला. कट्‌ कट्‌. कामाच्या नावानं शून्य!

"बाळकूदादा, बाळकूदादा, चावी फिरव ना रे! जेसीबी खणेना, दरड हटेना, नदी येईना, डोह भरेना, माझी पिल्लं तहानली!"

"नारळ न फोडता काम सुरू? छे छे! साहेब नारळ फोडतील तर फिरवेन."

तिरकी तिरकी, तुरुतुरु. पुढे साहेब. कपडे कडक, चपला करकरीत, हातात नारळ.

"साहेब, साहेब, नारळ फोडा ना! बाळकू चावी फिरवेना, जेसीबी खणेना, दरड हटेना, नदी येईना, डोह भरेना, माझी पिल्लं तहानली!"

"फोटोवाला येईल तर फोडेन."

"कधी येणार तो?"

"रस्त्यावरची दरड हटली की!"

खेकडी बघतच राहिली. "अहाहा! काय पण डोकं! नारळ फुटेना म्हणून दरड हटेना, आणि दरड हटेना म्हणून नारळ फुटेना? मोठे आले साहेब!"

तेवढ्यात एक पिल्लू हलेनासं झालं. मग काय! खेकडी चढली चपलेवर. धरला अंगठा. कचकन!

"आई आई गं!" साहेब उडाले. नारळ निसटला. दगडावर पडला. फाट्‌!

नारळ फुटला. बाळकूनं चावी फिरवली. जेसीबीनं चर खणला, घुर्र घुर्र. दरड हटली. नदी आली, खळखळ खळखळ. डोह भरला. खोबऱ्याचा तुकडा घेऊन खेकडी तुरुतुरु डोहात परतली. दहावं पिल्लूही वळवळलं आणि पाण्यात शिरलं, डुबुक!

रस्ता मोकळा झाला. फोटोवाला आला. साहेब अजून एका पायावर नाचत होते. तोच फोटो निघाला!

खेकडी डोहात बसून खोबरं खात होती.

"नारळ कुणी फोडला रे?" फोटोवाल्यानं विचारलं.

"आमच्या आईनं!" दहा पिल्लं ओरडली.

नदी सुटली, गोष्ट मिटली.