चिंचूच्या पिल्लांची गादी

चिंचू होती एक चिचुंद्री. एवढीशी! नाक लांब, डोळे बारीक आणि चालणं तुरुतुरु.

गोदूमावशीच्या घरात, लोकरीच्या पेटीमागे तिचं बीळ होतं. बिळात तीन पिल्लं होती. गुलाबी गुलाबी, गुळगुळीत. अंगावर एक केस नाही! पण खाली गादी होती ना. मऊ मऊ लोकरीची.

एक दिवस दाराच्या फटीतून वारा आला. सूंऽऽऽ!

गादी उडाली. भुर्रऽऽ!

पिल्लं कुडकुडली. "चिक चिक चिक! आई, थंडी!"

"रडू नका रे राजांनो," चिंचू म्हणाली. "आत्ता आणते दुसरी गादी."

गादी कुठे मिळते, ते चिंचूला पक्कं ठाऊक होतं. गोदूमावशीचा एक छोटासा माग होता. टेबलावर मावेल एवढा. मावशी त्यावर शाली विणायची, मफलर विणायची, पडदेसुद्धा विणायची. विणून झालं की शेवटी थोडे दोरे उरायचे. तोकडे तोकडे. त्यांचं काही म्हणजे काही विणता येत नाही. मग ते दोरे कोणाचे? चिंचूचे! मावशीचं आणि तिचं तसं ठरलेलंच होतं.

चिंचू निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, चिक चिक चिक!

मावशी मागापाशी बसली होती. हात गालाला लावून, नुसतीच.

"मावशी मावशी, माझे दोरे दे."

"देते की गं! तुझेच आहेत ते. पण शाल संपू तर दे. ही बघ, एवढीशी राहिली."

"मग विण ना!"

"कशी विणू, बाई? धोटा धावत नाही. धोटा धावला, तर मी विणेन."

धोटा म्हणजे लोकर गुंडाळलेली चपटी पट्टी. उभ्या दोऱ्यांमधून धावते. इकडून आत, तिकडून बाहेर. सुळ्ळ! आज मात्र धोटा गप्प पडून होता.

चिंचू गेली धोट्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु, चिक चिक चिक!

"धोट्या धोट्या, धाव ना!
धोटा धावेना,
मावशी विणेना,
माझ्या पिल्लांना गादी मिळेना!"

धोटा म्हणाला, "धावू कुठून? वाट कुठाय? फणी नाचली की दोरे उघडतात. फणी नाचली, तर मी धावेन."

ही फणी केस विंचरायची नाही हं! ही मागाची फणी. तिच्यात एक एक दोरा ओवलेला. ती वर गेली की दोरे वर. ती खाली आली की दोरे खाली. खटक वर, खटक खाली!

चिंचू गेली फणीकडे. तुरुतुरु तुरुतुरु, चिक चिक चिक!

"फणी फणी, नाच ना!
फणी नाचेना,
धोटा धावेना,
मावशी विणेना,
माझ्या पिल्लांना गादी मिळेना!"

फणी म्हणाली, "नाचू कशी? दोऱ्यांवर ती मनी झोपलीय. मावशीने उठवायला हात लावला, तर ओरखडा काढला मेलीने! मनी उठली, तर मी नाचेन."

मनी म्हणजे मांजर. पांढरी, गुबगुबीत. ताणलेल्या दोऱ्यांवर मस्त पसरली होती, पोट वर करून. घुर्र... घुर्र...

चिंचूचे पाय लटलट कापले. मांजर ती! पण बिळातून आवाज आला, "आई, थंडी!" मग चिंचूने लांबूनच हाक मारली. अगदी लांबून.

"मनी मनी, ऊठ ना!
मनी उठेना,
फणी नाचेना,
धोटा धावेना,
मावशी विणेना,
माझ्या पिल्लांना गादी मिळेना!"

मनीने एक डोळा उघडला. "छे गं बाई! इथे किती छान ऊन आहे. ऊन सरकलं, तर मी उठेन." आणि तो डोळासुद्धा मिटला. घुर्र... घुर्र...

चिंचू गेली उन्हाकडे. तुरुतुरु तुरुतुरु, चिक चिक चिक!

"उन्हा उन्हा, सरक ना!
ऊन सरकेना,
मनी उठेना,
फणी नाचेना,
धोटा धावेना,
मावशी विणेना,
माझ्या पिल्लांना गादी मिळेना!"

ऊन म्हणालं, "मी कशाला सरकू? मला इथे कोण अडवतंय? तो खिडकीचा पडदा डुलला, तर मी सरकेन."

चिंचू गेली पडद्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु, चिक चिक चिक!

"पडद्या पडद्या, डुल ना!
पडदा डुलेना,
ऊन सरकेना,
मनी उठेना,
फणी नाचेना,
धोटा धावेना,
मावशी विणेना,
माझ्या पिल्लांना गादी मिळेना!"

पडदा म्हणाला, "मला मेल्याला पाय आहेत का? वारा आला, तर मी डुलेन."

वारा कुठे होता? अंगणात! शेवग्याच्या झाडावर. शेंगांना लोंबकळून झोके घेत होता. झुंईऽऽ झुंईऽऽ!

चिंचू गेली वाऱ्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु, चिक चिक चिक!

"वाऱ्या वाऱ्या, ये ना!
वारा येईना,
पडदा डुलेना,
ऊन सरकेना,
मनी उठेना,
फणी नाचेना,
धोटा धावेना,
मावशी विणेना,
माझ्या पिल्लांना गादी मिळेना!"

"येतो की," वारा म्हणाला. "हा झोका झाला की येतो."

झुंईऽऽ!

"झाला झोका. चल आता!"

"हा शेवटचा."

झुंईऽऽ!

"अरे, तूच तर माझी गादी उडवलीस!"

"मी? छे! आठवत नाही बुवा." आणि वाऱ्याने घेतला आणखी एक शेवटचा झोका.

चिंचू परत फिरली. आता कोणाकडे जायचं? कोणी उरलंच नाही. बिळातून आवाज आला. "चिक... चिक..." अगदी बारीक झाला होता बरं का आवाज.

चिंचूला आधी रडू आलं.

मग राग आला.

असा राग आला, असा राग आला! आणि चिचुंद्रीला राग आला की काय होतं, माहीत आहे? वास सुटतो! कसला वास? ओल्या मोज्यांचा? त्याहून वाईट. सडक्या कांद्याचा? त्याहूनही वाईट! धरा, धरा, नाक धरा!

चिंचू टेबलाच्या पायावरून सरसर चढली. दोऱ्यांवरून दणदण चालत गेली. आता तिचे पाय कापत नव्हते. ती थेट मनीच्या नाकापाशी जाऊन उभी राहिली.

"मने, ऊठ!"

मनीचं नाक हललं. सूं... सूं... सूं...

"शीऽऽऽऽऽ!"

मनीने मारली उडी! टेबलावरून खुर्चीवर, खुर्चीवरून कपाटावर. आणि कपाटावर बसून शिंकली. फटाक्छीं!

मग काय!

मनी उठली,
फणी नाचली, खटक वर, खटक खाली!
धोटा धावला, सुळ्ळ इकडे, सुळ्ळ तिकडे!
मावशी विणू लागली. एका हाताने पदर नाकाला, दुसऱ्या हाताने धोटा. आणि हसू तर आवरेना!

"काय गं बाई चिंचू! मला जे जमलं नाही, ते तू केलंस!"

खटक, सुळ्ळ! खटक, सुळ्ळ! शाल झाली. मावशीने कात्री घेतली. कच कच कच! शाल मागावरून उतरली. मागे राहिले दोरे. तोकडे तोकडे, लाल आणि पिवळे.

"घे तुझे दोरे," मावशी म्हणाली.

चिंचूने तोंड भरून दोरे नेले. पुन्हा आली, पुन्हा नेले. बिळात गोल गोल पसरले. मऊ मऊ गादी झाली. तिन्ही पिल्लं आत शिरली. एकाचं नाक दिसेना, एकाची शेपटी दिसेना.

"आई, थंडी पळाली!"

चिंचूला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं! ती गादीच्या कडेला घट्ट बसून राहिली.

तेवढ्यात खिडकीतून कोण आलं? वारा!

"आलो, आलो!" वारा म्हणाला. "झाले माझे झोके. बोला, काय काम आहे?"

"आत्ता आलास होय?" मावशी म्हणाली. "शाल झाली, गादी झाली, सगळं झालं. पण बरं झालं आलास. हा वास तेवढा घेऊन जा!"

वाऱ्याने वास घेतला. "अयाईगं!" म्हणाला. पण करतो काय? घेतला बिचाऱ्याने वास पाठीवर आणि निघाला. सूंऽऽऽ!

वारा निघाला, तसा पडदा डुलला.
पडदा डुलला, तसं ऊन सरकलं.
सरकत सरकत गेलं पेटीमागे, आणि पिल्लांच्या गादीवर जाऊन बसलं.

पिल्लं झोपली लाल-पिवळ्या गादीत. गोष्टसुद्धा विणून झाली. कापा तिचे दोरे, कच कच कच, आणि तुम्हीही शिरा पांघरुणात!