‘काही करत नाही हो तो!’

फार पूर्वी एका खोल घळीच्या काठावर एक गाव होतं. घळ एवढी खोल, की वरून दगड टाकला तर तो खाली आपटल्याचा आवाज यायला कान देऊन थांबावं लागे. गावात शिरायला वाट एकच, घळीवरचा झुलता पूल. पायाखाली फळ्या, दोन्ही हातांना दोर, आणि मधोमध गेलं की पाळण्यासारखं हलायचं. एका वेळी एकाच माणसानं जायचं. म्हणून गावाची रीतच पडली होती. पलीकडून येणारा आधी ओरडायचा, “पाऊल टाकू का?” अलीकडे जो कोणी असेल तो पूल मोकळा बघून उत्तर द्यायचा, “टाका!” उत्तर आल्याशिवाय कुणी फळीवर पाय ठेवत नसे.

पुलाचे दोर वळायचा तो पुलाच्या तोंडाशीच राहणारा भिवबा. अंबाडीचा वाख, म्हणजे तिच्या सालीचे धागे, भिजवायचा, पिळायचा, तीन पदरी दोर करायचा, आणि पुलाला बांधण्याआधी स्वतः त्याला लोंबकळून बघायचा. एवढी काळजी का? तर त्याची बायको दुसऱ्या बाळंतपणात गेली होती. त्या दिवशी पुलाचा जुना दोर तुटला होता आणि सुईण पलीकडच्या काठावर हात चोळत उभी राहिली. भिवबा ते कधी विसरला नाही. “माझा दोर असेतो या पुलावर कुणी अडकणार नाही,” असं तो म्हणायचा, आणि खरंच कुणी अडकलं नाही.

लेक शेवंता लग्न होऊन सासरी गेली. घर खायला उठायला लागलं, तेव्हा भिवबानं एक कुत्रं पाळलं. केसाळ, दांडगं, वासराएवढं. नाव ठेवलं झिपऱ्या. आणि प्रेमळ म्हणजे किती प्रेमळ! चोर आला असता तर त्याचेही पाय चाटले असते.

पण एक खोड होती. माणूस दिसलं की झिपऱ्या धावत जायचा आणि पुढचे दोन पाय थेट त्याच्या छातीवर. पुलावरून “पाऊल टाकू का?” अशी हाक आली की याला वाटायचं, आला, माझा पाहुणा आला! दारातून जो सुटायचा, तो पुलाच्या तोंडाशी. बिचारा वाटसरू जीव मुठीत धरून शेवटच्या फळीवरून उतरतोय, पाठीमागे घळ आहे, आणि समोरून हे धूड अंगावर येतंय. कासाराची बांगड्यांची पाटी तिथेच फुटली. एका पोराला रात्रभर ताप भरला. आणि भिवबा मागून हसत हसत येऊन काय म्हणायचा?

“घाबरू नका! काही करत नाही हो तो!”

आता मला सांगा, समोरच्याला हे कसं कळावं? कुत्र्याच्या कपाळावर लिहिलेलं असतं का? पण भिवबाला मात्र वाटायचं, आपण एवढं सांगितलं की संपलं.

शेजारी एक धनगरीण राहायची. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं. जन्म मेंढरांत आणि कुत्र्यांत गेलेला. ती एकदा भिवबाला म्हणाली, “अरे, हे खूळ त्याला तूच लावलंस.”

“मी? मी काय केलं?”

“संध्याकाळी भाकरीचा तुकडा वर धरून ‘मार उडी, मार उडी’ कोण करतं? उडी मारली की भाकरी मिळते, एवढं त्याला कळलंय. उद्यापासून त्यानं उडी मारली की पाठ फिरव. बोलू नको, ढकलू नको, त्याच्याकडे बघूसुद्धा नको. चारी पाय जमिनीवर टेकले की मग दे भाकरी. आणि तो शिकेपर्यंत हाक आली की दोरीनं धरून ठेव.”

“माझ्या झिपऱ्याला दोरी? तो काय बैल आहे?”

“गावभर दोर विकतोस, आणि चार हात दोरी घरच्याला नाही होय रे?”

“बरं अक्का, बघू,” भिवबा म्हणाला. हे ‘बघू’ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. ते कधीच कुणी बघत नाही.

त्या वर्षी शेवंता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. झिपऱ्यानं तिला कधी पाहिलेलं नव्हतं. ती पुलावरून उतरताच तो झेपावला. शेवंतानं दोन्ही हातांनी पोट धरलं आणि पाठ केली म्हणून निभावलं. “आबा, याला बांधा हो,” ती म्हणाली. भिवबानं झिपऱ्याच्या डोक्यावर थोपटलं. “अगं, जीव लावतोय तुला. सवय होईल.” त्या दिवसापासून शेवंता अंगणात जायचं तर आधी दाराआडून बघायची. स्वतःच्या माहेरात!

एका दुपारी घळीतून धुकं वर चढलं. बघता बघता पूल दिसेनासा झाला. आणि नेमक्या त्याच वेळी शेवंताच्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस अजून भरले नव्हते.  भिवबाला बायकोचा तो दिवस आठवला, तसाच घाम, तसाच आवाज. “अक्का!” तो ओरडला. अक्का क्षणभरही न थांबता पूल ओलांडून पलीकडच्या गावात सुईणीला आणायला धावली.

भिवबा लेकीचा हात धरून बसला. कळ यायची, शेवंता ओठ चावायची. “आबा, सुईण येईल ना?” ती सारखी विचारायची. “पूल धड आहे ना?”

“पूल धड आहे, बाळा. मी वळलेला दोर आहे तो.”

शेवटी धुक्यातून एका बाईची हाक आली. “पाऊल टाकू का?”

भिवबाचा जीव भांड्यात पडला. तो बसल्या जागेवरून गरजला, “टाका! टाका! लवकर या!”

आणि उंबऱ्यावर पेंगत पडलेल्या झिपऱ्याचे कान उभे राहिले.

भिवबाला कळलं तेव्हा उंबरा रिकामा होता. तो धावत बाहेर आला. पुलाच्या तोंडाशी पोहोचला, तर झिपऱ्या फळ्यांवरून पार आत गेला होता. त्याला आज पाहुणा येईपर्यंतही धीर नव्हता. धुक्यात भिवबाला नुसता आवाज ऐकू येत होता, फळ्यांवर नखं वाजल्याचा. दोर करकरायला लागले.

पुलाच्या मध्यावर सुईण होती. काखेत गाठोडं, एका हातात दोर. पोरवयात कुत्र्यानं तिची पोटरी फाडली होती. काळोखातली वाट, साप, पूर, कशालाही ती भीत नसे. कुत्रं दिसलं की मात्र तिचे हातपाय गळायचे. आणि आता समोरच्या पांढऱ्या धुक्यातून काहीतरी मोठं, केसाळ, धापा टाकत तिच्याकडेच येत होतं. पळायला जागा कुठे होती?

“घाबरू नका!” भिवबा काठावरून ओरडला. “काही करत...”

पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. एक किंकाळी ऐकू आली. झिपऱ्यानं आनंदानं तिच्या छातीवर पाय ठेवले होते. सुईण कोसळली, तिचा एक पाय दोन फळ्यांमधून खाली गेला आणि गाठोडं काखेतून सुटलं. ते खाली आपटल्याचा आवाज आलाच नाही. किती खोल होती घळ, बघा! ती दोराला मिठी मारून लोंबत होती आणि झिपऱ्या तिचं तोंड चाटत होता. त्याला वाटत होतं, काय गंमत चाललीय!

“झिपऱ्या! ये इकडे! ये!” भिवबा हात हलवून बोंबलत सुटला. आरडाओरडा ऐकून झिपऱ्याला आणखीच चेव आला. तो नाचायला लागला, तसा सगळा पूल हेलकावायला लागला. आत जावं, तर आणखी एका माणसाच्या भारानं पूल उलटायचा. घरातून शेवंताची आर्त हाक आली, “आबा!” भिवबाला धड पुढे जाता येईना, धड मागे. 

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून अक्काचा आवाज आला. “भिवबा! गप्प हो! पाठ फिरव!”

पाठ फिरव! तिकडे एक बाई घळीवर लोंबतेय, आणि पाठ फिरवायची? पण दुसरं काहीच हाती नव्हतं. भिवबानं ओरडणं थांबवलं. तो वळला, पुलाकडे पाठ करून दातांवर दात घट्ट आवळून जमिनीवर बसला. मागे सुईणीचं हुंदके देणं ऐकू येत होतं. त्याला वळून बघावंसं वाटत होतं, तरी तो बघत नव्हता. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. “देवा, एवढ्या वेळी वाचव,” असं तो मनात म्हणत राहिला.

गंमत बंद झाली असं झिपऱ्याला वाटलं. मालक ओरडत नाही, हाकही मारत नाही, म्हणजे झालं काय? नखांचा आवाज जवळ येऊ लागला. झिपऱ्यानं भिवबाच्या पाठीवर पाय ठेवले. भिवबा हलला नाही. झिपऱ्यानं पुन्हा उडी मारली. भिवबा दगडासारखा बसून राहिला. शेवटी कुत्रं पाय खाली टेकून, मान वाकडी करून पुढ्यात येऊन बसलं, तशी भिवबानं झडप घातली. डोक्याचं मुंडासं सोडून त्याच्या गळ्यात बांधलं आणि दुसरं टोक पुलाच्या खुंटाला आवळलं.

“बाई!” त्यानं हाक मारली. “कुत्रं धरलंय. या आता.”

“मी नाही येणार,” धुक्यातून रडवेला आवाज आला. “मी मागे जाते. मला... मला भीती वाटते कुत्र्याची.”

ते नेहमीचं वाक्य भिवबाच्या जिभेवर आलं होतं. त्यानं ते गिळलं. “चूक माझी आहे, बाई,” तो म्हणाला. “तुम्हाला भीती वाटते, ते खरं आहे. कुत्र्याला मी लांब नेऊन गोठ्यात कोंडतो आणि बाहेरून कडी घालतो. कडी वाजलेली ऐकलीत की मगच पाऊल टाका. नाही टाकलंत तरी मी काही बोलणार नाही. पण आत माझी लेक आहे हो.”

गोठ्याची कडी वाजली.  भिवबा गोठ्याच्या दाराला टेकून पुलाकडे कान देऊन उभा राहिला. मग फळी करकरली. आणखी एक करकरली. सुईण रांगत, सुजलेला पाय ओढत काठावर आली.

तरी संकट टळलं नव्हतं. तिचे हात इतके कापत होते, की तिला पाण्याचा तांब्या धरवेना. अशा हातांनी बाळाला कसं घ्यायचं? शेवंता तळमळत होती आणि सुईण भिंतीला टेकून नुसती श्वास घेत होती. भिवबाच्या कुत्र्यानं घालवलेला हा वेळ कोण परत देणार होतं? हात थोडे स्थिरावले तशी ती आत गेली. गाठोडं गेलेलं, सामान काहीच नाही. “नाळ बांधायला दोरा हवा,” ती म्हणाली. भिवबानं सुताचा दोरा पिळून दिला, उकळत्या पाण्यातून काढून. आयुष्यात एवढा बारीक दोरा त्यानं कधी वळला नव्हता.

बाळ आलं, पण रडलं नाही. निळसर, गप्प. सुईण त्याला चोळत होती, पाठीवर थापट्या मारत होती. उंबऱ्याबाहेर भिवबा दोन्ही हात जोडून उभा होता. त्याला राहून राहून स्वतःचं ते एकच वाक्य आठवत होतं, ‘काही करत नाही हो तो!’

मग बाळ रडलं. चांगलं खणखणीत रडलं.

सुईणीचा पाय मोडला होता, म्हणून तो जुळून येईपर्यंत ती भिवबाच्याच घरी राहिली. झिपऱ्या गोठ्यात, दोरीला. रोज सकाळ-संध्याकाळ अक्का काठावरून खोटी खोटी हाक द्यायची, “पाऊल टाकू का?” झिपऱ्या उसळला की भिवबा पाठ फिरवायचा. बसला की भाकरी. गावातल्या पोरासोरांनाही त्यानं घरोघर जाऊन विनवलं, “तो उडी मारेल तेव्हा त्याला हात लावू नका रे.” कंटाळा यायचा, कधी कधी चिडायचा, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकरी घेऊन उभा राहायचा. हळूहळू हाक आली की झिपऱ्या आपणहून बूड टेकायला लागला.

सुईण परत निघाली. पाय थोडा अधू राहिला तो राहिलाच. झिपऱ्या दोरीनं भिवबाच्या हातात, वाटेपासून लांब, बसलेला. शेपटीनं नुसती माती झाडत होता. सुईण त्याच्यासमोरून काठीच्या आधारानं गेली. तिनं त्याला हात लावला नाही, आणि भिवबानंही लाव म्हटलं नाही.

त्यानंतर त्या गावात पलीकडून हाक आली, की अलीकडून लगेच “टाका” असं येत नसे. आधी भिवबाचा आवाज यायचा, “जरा थांबा, कुत्रं धरतो.” आणि मग, “धरलंय! आता टाका!”

तात्पर्य: आपलं जनावर प्रेमळ आहे हे आपल्याला ठाऊक असतं, वाटेवरच्या परक्याला नसतं; म्हणून त्याला ‘घाबरू नका’ म्हणण्याआधी आपल्या लाडक्याला आवरायला शिकावं.